खंड्याची सुई तुम्ही घेतली नाहीत

अहो, ऐकताय का? जिवंत होतात तेव्हा एका हाकेत कधी ओ दिली नाहीत, तर आता कुठली देणार. पण तेरावं उरकलं, पाहुणेरावळे आपापल्या गावी गेले, आणि माझ्या छातीत जो राग साठलाय तो कोणावर काढायचा हेच मला कळेना. भांडायची सवय तुमच्याशी. दुसऱ्या कोणाशी माझं भांडण रंगत नाही. म्हणून लिहायला बसले. "मास्तराच्या पोरीला कागद मिळाला की भूक लागत न्हाई," असं तुम्ही चिडवायचात ना, तर बसा चिडवत.

घोटावड्यापासून पार वरच्या वाड्यांपर्यंतची माणसं येऊन बसून गेली. मोठ्या काळजाचा माणूस होता म्हणाली. एकट्यानं डुक्कर लोळवलं होतं म्हणाली. मी पदर डोक्यावर घेऊन माना डोलावल्या. हट्टी होता, तापट होता, बायकोचं ऐकेल तर शपथ, असं एकानंही म्हटलं नाही. मेलेल्याला नावं ठेवायची नसतात म्हणे. मी ठेवणार आहे. तुमच्याबरोबर संसार मी केलाय, त्यांनी नाही.

त्या डुकराचं मात्र त्यांनी सांगितलं ते खरं. मी बांधापलीकडे गवत कापत होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. भाताच्या लोंब्या भरल्या होत्या आणि डुकरं रोज येऊन खाचरांचा चिखल करून जात होती. सकाळी तुम्ही, धाकटे भावजी भिवा आणि वाडीतली चार माणसं कुऱ्हाडी-भाले घेऊन करवंदीच्या जाळ्या उठवत निघालात. आपला कुत्रा खंड्या पुढे. ते धूड जाळीतून निघालं ते सरळ तुमच्यावरच. तुमचा पाय बांधावरून घसरला, तुम्ही पाठीवर पडलात, आणि माझ्या हातातला विळा तिथंच गळाला. मग खंड्यानं डुकराच्या कानाला तोंड घातलं. डुकरानं मान फिरवली, सुळा कुत्र्याच्या बरगडीखाली घुसला आणि पार मांडीपर्यंत कातडं फाडत गेला. तेवढ्यात तुम्ही उठलात. पहिल्या घावातच डुकराचं डोकं फुटलं होतं. तरी तुम्ही घालतच राहिलात. रक्त तुमच्या तोंडावर, मिशांवर, दातांवर उडत होतं. भिवानं मागून कवळ घालून तुम्हाला ओढलं, तेव्हा तुम्ही त्यालाही एक ठेवून दिलीत.

नंतर तुम्ही डोक्याचा पटका सोडलात. खंड्याची आतडी बाहेर डोकावत होती, ती तळहातानं आत लोटलीत आणि पटका त्याच्या पोटाभोवती आवळलात. हात इतके हलके कुठून आले होते तुमच्याकडे? लग्नाला बारा वर्षं झाली होती, ते हात मला तोवर ठाऊक नव्हते.

पौडच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला शिवलं. मोठा, रागीट माणूस तो. त्यानं सांगितलं, टाके घातलेत पण आत पू झाला तर कुत्रं मरेल. रोज पेनिसिलीनची सुई द्यावी लागेल. मी रोज तुमच्या डोंगरावर येणार नाही, आणि तुम्ही रोज गाडीत घालून आणलंत तर धक्क्यांनी टाके उसवतील. घरी टोचायला शिका, नाहीतर आत्ताच खड्डा खणा.

"द्या हिकडं," तुम्ही म्हणालात. "डुकराचं डोस्कं फोडलंय म्या. सुई काय चीज हाय?"

डॉक्टरांनी सगळं दाखवलं. काचेची पिचकारी आणि सुई पाण्यात उकळायची. बाटलीतल्या पांढऱ्या पुडीत पाणी सोडून हलवायचं. हवेचा बुडबुडा बाहेर काढायचा. मांडीच्या जाड मांसात टोचायचं, मागच्या बाजूला मोठी शीर असते तिला धक्का लावायचा नाही, नाहीतर पाय लुळा पडतो. तुम्ही मान हलवत होतात पण तुमचं लक्ष खंड्याच्या तोंडाकडे. ऐकत मी होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत आठवतं? बैलाला नाल मारायला जसं पाडतात, तसं कुत्र्याला पाडलंत! पुढचे पाय आवळले, मागचे आवळले, मध्ये काठी घातली. भिवा म्हणाला, "दादा, त्यो बैल न्हाई." तुम्ही म्हणालात, "चार पायाचं जनावर सगळं सारकंच." खंड्यानं अशी काही उसळी मारली की टाके तटातटा तुटले आणि अंगणभर रक्त झालं. तुमच्या हातात भरलेली सुई. ती मांडीजवळ नेलीत, आणि हात लटलट कापायला लागला. डुकराच्या रक्तानं न्हालेला माणूस एवढीशी सुई बघून पांढराफटक पडला. मला हसू आलं नाही हो. मला भीती वाटली. कारण आता तुम्ही कोणावर तरी राग काढणार हे मला कळलं होतं.

काढलातच. पिचकारी भिरकावून दिलीत. ती पेंढ्यावर पडली म्हणून वाचली. माझ्यावर ओरडलात, "बघती काय? भर तू! टोच तू!"

मी म्हटलं, "आदी दोऱ्या सोडा. बांदलेलं जनावर मी टोचनार न्हाई."

तुम्ही हात उगारलात. तो हात मला पाठ होता, कुठून येतो, कुठं लागतो. मी मागे सरकले नाही. म्हटलं, "मारा. आन मग सुई कोन देनार त्ये बी सांगा."

हात तसाच वर राहिला आणि मग खाली आला. आपल्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

पुन्हा पौड, पुन्हा टाके, पुन्हा डॉक्टरांच्या शिव्या. या वेळी शिव्या तुम्ही मुकाट्यानं खाल्ल्यात. घरी येऊन मी मागच्या वेलावरची काकडी तोडली आणि तिच्यात पाणी टोचत बसले. पाच-सहा काकड्या चाळणीसारख्या झाल्या. हात बसला, पण काकडीला काय कळतंय? सुई आत जाते तेव्हा अंगाला काय होतं हे कसं समजायचं? मग मी लुगडं वर घेतलं आणि कोरडी सुई माझ्याच मांडीत खुपसली. हळू घातली तर जास्त आग होते, एका दमात घातली तर कमी. हे मला तिथं कळलं. तुम्ही दारात उभे होतात. "याड लागलंय व्हय गं तुला?" म्हणालात. मी सुई तुमच्यापुढे धरली, "घेता का? बगा कसं लागतंय." तुम्ही अंगणात निघून गेलात.

संध्याकाळी दोऱ्या नव्हत्या. तुम्ही मांडी घालून बसलात, खंड्याचं डोकं काखेत घेतलंत आणि म्हणालात, "टोच." सुई गेली तसा तो वळला आणि तुमच्या दंडाला कडकडून चावला. दात आत रुतलेले मला दिसत होते. तुमच्या कोपरावरून रक्त माझ्या मनगटावर गळत होतं. मी थांबले.

"थांबू नगं," तुम्ही दात खाऊन म्हणालात. "त्यो त्याचं काम करतुया, तू तुजं कर."

मी औषध पूर्ण आत सारलं आणि सुई काढली. खंड्यानं दंड सोडला आणि जिथं चावला होता तिथंच चाटायला लागला. तुम्ही त्याला म्हणत होतात, "झालं रं सोन्या, झालं माज्या राज्या." अहो, मला कधी सोन्या म्हटलंत? त्या दिवशी मला कुत्र्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. पण त्याच दिवशी तुमच्यावर जीवही जडला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी. चावणाऱ्याला न मारता धरून ठेवता येतं हे तुम्हाला जमत होतं, एवढं मला दिसलं. मला वाटलं, आज कुत्र्याला धरलं, उद्या मलाही धरतील.

मग ते रोजचंच झालं. पातेल्यात काच वाजली की खंड्या फरफटत तुळशीमागे जाऊन बसायचा आणि माझ्याकडे बघून गुरगुरायचा. धरणारे तुम्ही, पण वैरीण मी. तुमच्या दंडावर नव्या खुणा पडत होत्या. हळूहळू चावणं कमी झालं, मग नुसतं दात लावणं, मग तेही गेलं. जखम कोरडी पडली आणि टाके निघाले. डॉक्टरांनी ती जुनी पिचकारी माझ्याकडेच राहू दिली. माझ्या तोंडावर तुम्ही कधी बरं म्हटलं नाहीत. पण पाणवठ्यावर बायकांनी मला सांगितलं, तुम्ही चावडीपुढे बसून म्हणत होतात, "आमच्या मंडळीचा हात डाक्तरावानी हाय." घरी येऊन मी विचारलं, तर म्हणालात, "कोन बोललं? मी न्हाई बोललो." पण भाकऱ्या थापताना दिवसभर तेच मनात घोळत होतं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते.

यंदा चिखलणीच्या आदल्या आठवड्यात गोठ्यात बैलाच्या नालेचा खिळा तुमच्या टाचेत गेला. गंजलेला, शेणामुतात पडलेला. तुम्ही उपटून फेकलात. तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, रीतीप्रमाणे बिब्बा सुईला टोचून दिव्यावर तापवला, चरचर करत भोकात तेल सोडलं, वर गोवऱ्यांची राख दाबली. सगळी वाडी असंच करते, तुमच्या आजापंजापासून असंच होत आलंय. तुम्ही हूं का चूं केलं नाहीत. तापलेला बिब्बा चालतो, सुई चालत नाही.

मी म्हटलं, पौडला चला. माझ्या वडिलांच्या शाळेतलं एक पोर असंच खिळा लागून धनुर्वातानं गेलं होतं, मी लहानपणी त्याच्या आईचं रडणं ऐकलंय. त्यावर सुई असते, ती वेळेवर घ्यावी लागते. अंगणात माणसं बसली होती. त्यांच्यासमोर तुम्ही हसलात.

"मी काय कुत्रं हाय व्हय, टोचून घ्यायला?"

सगळे हसले. भिवाही हसला. मी तुमचा हात धरून ओढायला लागले. म्हटलं, "तुमी खंड्याला धरलंत, आता मी तुमाला धरून नेते, चला." तेव्हा तुम्ही मला मारलंत. चार माणसांत. माझा ओठ फुटला. हसणाऱ्यांतला जागचा कोणी उठला नाही. मी ओठाचं रक्त पुसलं आणि पुन्हा म्हटलं, चला. तुम्ही पुन्हा मारलंत आणि बैल सोडायला निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. चिखलणी सुरू झाली तशी त्याच पायानं तुम्ही खाचरात गुडघाभर चिखलात उतरत होतात. टाच बरी दिसत होती. "बग, काय झालं? मास्तरीन!" असं म्हणून मला चिडवत होतात. मलाही वाटलं, असेल, मीच घाबरट असेन.

मग एक दिवस जेवताना ताट भिंतीवर आपटलंत. "भाकरी हाय का कातडं? चावंना झालीया!" मी भाकरी उचलून पाहिली. लोण्यासारखी मऊ होती. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं. तुमचा जबडा उघडत नव्हता.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तुम्हाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. उजेड नको, आवाज नको. बाहेर कोणाचं भांडं पडलं की तुमचं अंग टाच आणि डोकं एवढ्यावरच वर उचलायचं, पाठीची कमान व्हायची. जीभ दातांखाली सापडून रक्ताचा फेस यायचा. त्या लोकांनी जिवाचं रान केलं. सुयांवर सुया दिल्या. दंडात दिल्या, मांडीत दिल्या, शिरेत दिल्या. तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत, कारण तोंडच उघडत नव्हतं. मी प्रत्येक सुई बघत होते. मनात म्हणत होते, ही एक, एवढी एकच, त्या दिवशी घेतली असतीत तर.

डोळे मात्र तुमचे उघडे होते आणि ते माझ्यावर होते. बायका मला सांगतात, माफी मागत असतील गं. छे! तुम्ही आणि माफी? माझी खात्री आहे तुम्ही मला शिव्या देत होतात. का नेलं नाहीस मला, का ऐकलंस माझं, असं. द्यायच्या होत्या तर मोठ्यानं द्यायच्या होत्या. मी सगळ्या ऐकून घेतल्या असत्या. जन्मभर त्याच तर ऐकल्या.

आणि मी काय म्हणणार होते सांगू? त्या दिवशी अंगणात तुम्ही विचारलंत ना, मी काय कुत्रं हाय व्हय? त्याचं उत्तर माझ्या फुटलेल्या ओठातून तेव्हा निघालं नाही. कुत्रं असतात तर वाचला असतात. कुत्र्याला धरणारा माणूस होता. कितीही चावलं तरी न सोडणारा. वाडीत एवढे गडी, डुकरावर धावून जाणारे, पण तुमच्या अंगाला हात लावायची एकाची छाती झाली नाही. सगळे तुम्हाला भ्यायचे, आणि तुम्हाला त्याची ऐट होती. त्या ऐटीनं तुम्हाला मारलं, खिळ्यानं नाही.

काल भिवा छपराचे वासे तासत होता. कोयता सटकला आणि नडगीखाली पायात बसला, हाडापर्यंत. अंगणात माणसं जमली, तीच, तिथंच. कोणी तरी म्हणालं, "बिब्बा तापवा." माझ्या कानशिलात सणकन गेलं.

मी म्हटलं, "पौडला न्या त्याला. आत्ता."

भिवा पाय धरून हसला, अगदी तुमच्यासारखा. "वयनी, काय न्हाई झालं. लई भेता तुमी."

मी म्हटलं, "धरा त्याला."

कोणी हललं नाही. पंधरा दिवसांची विधवा, तिनं अंगणात येऊन पुरुषांना हुकूम सोडायचे? त्यांना कुठं बघावं ते कळेना, खाली बघत राहिले. मग मीच पुढं झाले. दिराच्या अंगाला हात लावायचा नसतो, ठाऊक आहे मला. त्याच्या गचांडीला धरून त्याला उताणा पाडला. त्यानं मला ढकललं. मी त्याच्या कानफटात ठेवून दिली. तुमचा हात मला पाठ होता म्हटलं ना, तसाच कुठून यायचा तिथून आला, तसाच लागला. तो पुन्हा उठायला लागला. तेवढ्यात आत्याबाई वाकलेल्या कमरेनं भुईवरनं सरपटत आल्या आणि त्याच्या चांगल्या पायावर बसल्या. एक लेक जाळून आलेली बाई ती. किंचाळून ओरडल्या, "बघताय काय मुडद्यांनो! ह्यो बी घालवायचा हाय व्हय माजा? धरा!"

मग धरला. चौघांनी हातपाय धरून गाडीत टाकला, मी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले. सबंध रस्ताभर त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी कागदावर लिहू शकत नाही. माझ्या हाताला चावलासुद्धा. मी सोडलं नाही. पौडच्या माणसांच्या दवाखान्यात टाके पडले, सुई टोचली, आणि टोचताना तो आईच्या नावानं बोंबलला. मी बाहेर पायरीवर बसून ते बोंबलणं ऐकलं आणि ढसाढसा रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तो ओसरीवर बसलाय, पाय उशीवर घेऊन. माझ्याशी बोलत नाही. चार माणसांत वहिनीनं मारलं, आता तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं आत्याबाईंना ऐकवतो, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी भाकरी वाढली तर ताट सरकवून देतो, आणि मी आत गेले की खातो. चांगली चावून खातो. मी दाराआडून बघते.

धरू दे अबोला. जिवंत माणसाचा अबोला आहे, मी सोसेन.